विठोबाही बिदरला गेला होता

ओळखीतलं कुणी स्पेनला जाऊन आलं की ग्रॅनडाचा अल्हम्ब्रा आणि कोर्दोबाची जुनी मशीद यांचे फोटो दाखवतंच. सेव्हियात मुक्काम, सकाळच्या रेल्वेने कोर्दोबा, रात्री परत. ते बघावंच. पण तशीच एका दिवसाची वाट लातूर-नांदेडहून कर्नाटकातल्या बिदरला जाते, आणि त्या वाटेवर आपली माणसं फारशी दिसत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ग्रॅनडाचं मुस्लिम राज्य १४९२ मध्ये पडलं. त्याआधी वीस वर्षं, १४७२ मध्ये, इराणातल्या गिलानहून आलेल्या महमूद गावान या बहमनी वजिराने बिदरमध्ये तीन मजली मदरसा उभा केला. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने त्याचा बराच भाग कोसळला. तरीही उरलेल्या मिनारावरच्या रंगीत फरशांची नागमोडी नक्षी आणि दर्शनी भिंतीवरची निळी-पांढरी अक्षरं पाहायला निवांत तासभर द्या. हा मदरसा उभारणाऱ्या गावानला १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून सुलतानाने ठार करवलं. बहमनी राज्य त्यानंतर सावरलं नाही.

मग किल्ला. लाल जांभ्या दगडाची तटबंदी, खडक फोडून काढलेले खंदक आणि आत रंगीन महाल. तिथे काळ्या दगडात शिंपला जडवून केलेलं काम आहे. दुपार कलली की जवळचं अष्टूर गाव गाठावं. तिथे बहमनी सुलतान अहमदशहा वलीच्या मकबऱ्यात छतापर्यंत रंग चढले आहेत. उरसाला हिंदूही येतात. लिंगायतांना हा सुलतान त्यांच्या संत अल्लमप्रभूंच्या जागी.

बिदर आपल्याला परकं वाटतं ते १९५६ पासून. तोवर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते इकडे आले. भालकी, औराद तिकडे गेले. तिथल्या बाजारात आजही मराठीत भाव करता येतो. आणि दामाजीपंतांची गोष्ट तर आपल्या कीर्तनातलीच: मंगळवेढ्याची कोठारं दुष्काळात लोकांना खुली झाली, तेव्हा विठू महार होऊन देव बिदरच्याच दरबारात त्या धान्याची रक्कम भरायला गेला होता!

नांदेडचे शीख यात्रेकरू मात्र ही वाट विसरलेले नाहीत. हुजूर साहिबचं दर्शन घेऊन कित्येक जण बिदरच्या नानक झिरा साहिबला जातात. लंगरमध्ये कुणीही जेवावं. आपल्याला रस्ता देगलूर, औरादवरून. लातूरकरांना रेल्वेही आहे, उदगीर, भालकीवरून.

शाळांच्या सहली ठरायला दिवाळीनंतर सुरुवात होते. उदगीर, देगलूरच्या शिक्षकांनी यंदा पत्रकात बिदर लिहावं, आणि मुलांना गावानच्या मदरशापाशी घाई करू नये.