जळमटांना हात लावू नये

खोगिराखालची घोंगडी कधी हुंगून पाहिली आहे का तुम्ही? मीही नाही. पण परवा ब्रसेल्समध्ये माझ्याच टेबलावर बसलेल्या एका दाढीवाल्या पोरानं बिअरचा ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले आणि जाहीर केलं की हिला घोड्याच्या घोंगडीचा वास येतोय. मला वाटलं, आता हा ग्लास परत करणार. कसचं काय! त्याच्या मित्रानंही हुंगलं, मान डोलावली आणि दोघांनी मोबाइलवर साडेचार तारे ठोकले. माथेरानला दस्तुरी नाक्यावर हा वास फुकट मिळतो. तिथं आपण नाकाला रुमाल लावतो.

तारे देणाऱ्यांबद्दल माझं मत काय आहे, ते या सदराच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. मिसळीला तारे, दातांच्या डॉक्टरला तारे, देवळालासुद्धा तारे. मागे यावर लिहिलं तेव्हा एका वाचकानं पोस्टकार्डावर मलाच दोन तारे काढून पाठवले होते. तेही बॉलपेननं, घाईघाईत. पण निदान या एका जागी तरी माणसं गपचूप पितील अशी माझी भाबडी अपेक्षा होती.

जागा म्हणजे काँतियों. लेकीकडे आइंडहोव्हनला गेलो की एक दिवस आगगाडीनं ब्रसेल्सला जायचं आणि मिडी स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की येणाऱ्या त्या कळकट गल्लीत शिरायचं, हा माझा नेम. 1900 साली सुरू झालेला हा घरगुती कारखाना अजून त्याच घराण्याकडे आहे आणि 1978 पासून तो लोकांना पाहायला खुला आहे. इथं लँबिक बनते. गहू आणि जवाचं माल्ट, त्यात मुद्दाम जुने करून कडूपणा घालवलेले हॉप्स. हे सगळं उकळून माळ्यावरच्या तांब्याच्या उथळ हौदात रात्रभर उघडं ठेवायचं. यीस्ट कुणी घालत नाही. हवेतून जे येईल ते येईल. मग लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. तिन्ही वयांची लँबिक एकत्र करून बाटलीत भरली की ती ग्यूझ. आंबट चेरी घातली की क्रीक. उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू फार आणि हौद रात्रीत निवतही नाही, म्हणून साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच चूल पेटते. घोंगडीचा वास आणणारं यीस्टही इथलंच. त्याच्या शास्त्रीय नावात ब्रसेल्स शहर आहे.

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटू नये. माडावर मडकं बांधलं की सकाळची नीरा दुपारपर्यंत आपली आपण माडी होते, तिला कुणी विरजण लावायला जात नाही. फरक इतकाच, की आपल्याला दुपारपर्यंत दम निघत नाही आणि ही माणसं तीन वर्षं थांबतात.

चव? आंबट. लिंबू-सरबतवाली लाडीगोडी नव्हे, जबड्याच्या कोपऱ्यात कळ येईल अशी खणखणीत आंबट. आधी जगातून ओतून देतात ती साधी लँबिक. तिला फेस नाही, बुडबुडा नाही. आमच्या जावयांनी पहिला घोट घेतला आणि अतिशय अदबीनं विचारलं, "बाबा, ही नासली तर नाहीये ना?" मुलगा गुणी आहे. दुसरा घोट त्यानं माझ्याकडे पाहत घेतला, तिसरा घेतलाच नाही. त्याचा ग्लास वाया जाऊ दिला नाही, एवढंच सांगतो.

या खेपेस सौभाग्यवतीही सोबत होती. ती काही पीत नाही, ती पाहते. आणि तिनं काय पाहिलं, तर जळमटं. पिंपांच्या रांगांवर, तुळयांच्या सांध्यात, बाटल्यांच्या थप्पीवर. साधीसुधी नव्हेत, करड्या लोकरीसारखी जाड, धुळीनं ओथंबलेली. तिचा हात पर्समधल्या रुमालाकडे गेलेला मी पाहिला आणि पुढं होऊन धरला. कारण इथं कोळ्यांना अभय आहे. आंबण्याचा वास आला की चिलटं, माश्या येणारच, त्यात फळांचा मोसम. औषध फवारलं तर हवेतल्या यीस्टचंही काही खरं नाही. म्हणून किडे खायचं काम कोळ्यांकडे, आणि कोळ्याचं घर मोडायचं नाही, असा इथला कायदा.

हे सगळं मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग छताकडे बघत म्हणाली, "यांनी ठेवली की तिकीट लावतात. माझ्या स्वयंपाकघरात एक दिसलं असतं तर तुमच्या आत्यानं गावभर केलं असतं."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आत्या गेल्याला बरीच वर्षं झाली, पण काठीला फडकं बांधून सुनांच्या मागं लागणारी ती बाई आमच्या घरात अजून राज्य करते. नवरात्राआधी आठवडाभर घरात माणसांनी वावरायचं नाही, असा तिचा दंडक होता. पांघरुणं गच्चीत, भांडी चिंचेत, पुरुष ओट्यावर. एकदा काका जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसून राहिले, गठ्ठा रद्दीत जाऊ नये म्हणून. आत्यानं रद्दीवाल्याला सांगितलं, वजन करताना वरचं वजा कर.

परत आल्यावर मी प्रयोग करून पाहिला. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर, उजव्या कोपऱ्यात, एक कोळी पावसाळ्यापासून मुक्कामाला आहे. अंगानं किरकोळ, पण कामाला चोख. त्या बाजूला डास कमी हे मी शपथेवर सांगेन. तेव्हा युरोपात शंभरहून अधिक वर्षं यशस्वी झालेली पद्धत निदान एका कपाटापुरती राबवावी, असा प्रस्ताव मी चहाच्या वेळी मांडला.

"तुमच्या कपाटात आंबतंय काय?" सौभाग्यवतीनं विचारलं.

मी म्हणालो, "लेख."

तिनं कप विसळायला टाकले. घटस्थापनेच्या आत माळा रिकामा आणि कपाट खालीवर साफ, असा हुकूम निघाला आहे. शेजाऱ्यांची शिडी मागायला जायचं काम माझ्याकडे आहे, आणि शेजारी मागच्या वर्षीच्या ड्रिलची चौकशी केल्याशिवाय ती देणार नाहीत.