पेनड्राइव्ह पोरांचा, पासवर्ड संस्थेचा

विद्यार्थ्याच्या नावानं दिलेल्या पेनड्राइव्हचा अ‍ॅडमिन पासवर्ड वाटणाऱ्यांनी स्वतःकडे ठेवणं, याला मी फसवणूकच म्हणतो. आमच्या राजुऱ्यात एका संस्थेनं हेच केलं. कल्पना उत्तम होती. घरी संगणक नसलेल्या पोरानं लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह खिशात घालावा, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा गडचांदूरच्या मित्राकडे, मिळेल त्या संगणकाला लावावा आणि आपल्या फायली उघडून कामाला बसावं.

एका विद्यार्थिनीला त्यावर क्यूजीआयएस हवं होतं. तिच्या गावची ग्रामसभा सामूहिक वनहक्काचा दावा तयार करतेय आणि नकाशा काढायला हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. तिनं माझ्यासमोर टर्मिनल उघडलं, सुडो हा अ‍ॅडमिन अधिकार मागणारा शब्द लिहून इन्स्टॉलची आज्ञा बिनचूक दिली, स्वतःचा पासवर्ड टाकला. स्क्रीनवर इंग्रजीत उत्तर आलं: हे नाव सुडोअर्स फाइलमध्ये नाही, ही घटना कळवली जाईल. पोरीचा चेहरा उतरला. आपल्या हातून काही गुन्हा घडला की काय, असं तिला वाटलं. संस्थेला विचारलं, तर म्हणाले, ‘मुलं सिस्टिम बिघडवतील.’

बिघडवतील कशी? अशा लाइव्ह पेनड्राइव्हवर मूळ सिस्टिम स्क्वॉशएफएसच्या घट्ट दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते. विद्यार्थी जे बदलतो ते तिच्यावरच्या वेगळ्या थरात साठतं. फायलींची प्रत काढून तो थर पुसला की कोरी सिस्टिम हजर. चूक इतकी स्वस्त असताना चुकायची मुभा नाकारायची, मग मुलं शिकणार कधी?

खरा धोका वेगळाच आहे. रूटचे, म्हणजे अ‍ॅडमिनचे, अधिकार असले की लॅबच्या संगणकातली हार्ड डिस्कही उघडता येते, पुसताही येते. पण पासवर्ड लपवून हा धोका टळत नाही. ज्याला करायचंय तो दुसरा पेनड्राइव्ह तयार करून आणतो. लॅबच्या डिस्क एन्क्रिप्ट करा, बॅकअप घ्या, बाहेरच्या ड्राइव्हवरून संगणक सुरू करण्याचं काम देखरेखीखाली होऊ द्या. हे कष्ट नकोत म्हणून मुलांचे हात बांधायचे, हा निव्वळ आळस आहे. वर सगळ्या पेनड्राइव्हना पासवर्ड एकच! तो एकाला कळला की सगळ्यांचे उघडे पडले. टेल्स ही पेनड्राइव्हवरची लिनक्स सिस्टिम पाहा. तिच्यात अ‍ॅडमिन अधिकार मुळात बंद असतात. वापरणाऱ्याला हवे असतील तेव्हा सिस्टिम सुरू करताना तो स्वतःच पासवर्ड ठरवतो. अधिकार जपून वापरायचा, पण आपलाच.

२००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचे लॅपटॉप आले. त्यांतही लिनक्सच होतं. त्या लॅपटॉपच्या बिटफ्रॉस्ट या सुरक्षा-आराखड्यात कायमच्या कुलपाला जागा नव्हती. निर्बंध उठवून यंत्राचा पूर्ण ताबा घेण्याची वाट असलीच पाहिजे, हे त्यात तत्त्व म्हणून लिहिलं होतं. प्राथमिक शाळेतल्या लेकरांवर जो भरवसा टाकला गेला, तो आमच्या कॉलेजच्या मुलांवर का नाही?

वस्तू द्यायची आणि ताबा ठेवायचा, हे जंगलाच्या बाबतीतही झालंय. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. हक्काचा कागद गावाच्या हाती, पण बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या ताब्यात. जंगल आपलं आणि बांबू बाहेर न्यायला सही दुसऱ्याची! ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडलं, तेही तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. हा लढा आमच्या शेजारच्या जिल्ह्यात झाला. त्याच मातीतल्या माणसांनी पोरांना पेनड्राइव्ह द्यावा आणि परवान्याचं पुस्तक दाबून बसावं, याची मला चीड येते.

पुढच्या वाटपात पहिल्यांदा सुरू होतानाच सिस्टिमनं विद्यार्थ्याकडून त्याचा पासवर्ड ठरवून घ्यावा. सोबत मराठीत एक पान द्या: सुडो काय करतं, कुणीतरी पाठवलेली आज्ञा न समजता का चालवू नये, लॅबच्या डिस्कला हात का लावायचा नाही. याला ना नवा निधी लागतो, ना जीआर. आणि आधी वाटलेले पेनड्राइव्ह याच महिन्यात परत मागवून ज्याचे त्याच्या ताब्यात द्या.