ॲपला सम कळते, तुम्ही कळत नाही!

तुमच्या मोबाइलमध्ये एक तबलजी राहतो. रात्री दोनला उठवा, उठतो. चहा मागत नाही, मानधन मागत नाही, ‘आज हात दुखतोय’ म्हणत नाही. सोबत तानपुराही आहेच. काळी दोन म्हणा की पांढरी चार, बोट टेकवलं की जुळला. रहिमतपुरात घरबसल्या विलंबित एकतालाची संगत, म्हणजे सॉलिडच काम!

यावर नाक मुरडायचं कारण नाही. बंगळुरूच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला तो १९७९ मध्ये. आज गाणं शिकणाऱ्या कित्येक घरांत तशी पेटी असते, ॲप हा तिचाच धाकटा भाऊ. आणि लय कच्ची असेल तर याच्याइतका कडक मास्तर नाही. हिशेब बघा: तीनतालाच्या मात्रा १६, लय मिनिटाला ६०. म्हणजे दर १६ सेकंदांनी सम. तुमची तान दीड मात्रा लांबली? मास्तर पुढे निघून गेले!

पण गोम इथेच आहे. ॲप चुकत नाही, कारण ते ऐकतच नाही. तुम्ही भूप गा, भैरवी गा नाहीतर मध्येच शिंका, ठेका तोच. याला जॅमिंग कसं म्हणायचं? समोर माणूस असला की त्याला तिहाईचा वास येतो. तो कधी सावरून घेतो, कधी मुद्दाम कुरघोडी करतो, आणि सम जमली की मान डोलावतो.

आपल्या रहिमतपूरला हे वेगळं सांगायला नको. वसंत कानेटकर इथेच जन्मले. त्यांचं ‘मत्स्यगंधा’ १९६४ मध्ये पंडित जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह रंगभूमीवर आलं. नाट्यपद किती मिनिटं चालणार, हे कुठल्या बटणावर ठरत नाही. वन्समोअर आला की ऑर्गनवाला आणि तबलजी गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत पुढे जातात.

आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे मिरज आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे घोडीवरच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवत कारागीर जवारी लावतो, ती कानानेच. म्हणजे वाद्यसुद्धा आधी कुणीतरी ऐकलेलं असतं.

तेव्हा दोस्तहो, आठवडाभर खुशाल ॲपवर घासा. पण एक संध्याकाळ माणसासाठी ठेवा. गावातल्या देवळात भजनाआधी पखवाजाला कणीक लावत बसलेले एखादे काका दिसतील. त्यांना विचारा, ‘काका, माझ्या गाण्याला दहा मिनिटं ठेका धराल का?’ बहुतेक ते आधी तुमच्याच हातात टाळ देतील. घ्या आणि बसा!