बर्गेनच्या फोटोंतून गाळलेला बाजार



नॉर्वेच्या सहलीचा अल्बम परवा एकदाचा लावायला घेतला. बर्गेनचे फोटो सगळ्यांत जास्त, आणि जवळजवळ प्रत्येकात पाऊस! तिथे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. (जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवण उरकायची घाई मात्र नव्हती.)

बंदराकाठी ब्रिगेनची लाल, पिवळी, पांढरी लाकडी घरं ओळीने उभी आहेत. ओल्या दगडी रस्त्यावर त्यांचे रंग उतरतात. लेक सारखी म्हणायची, "आई, ऊन पडू दे, मग काढ." मी ऐकलं नाही. उन्हातले फोटो पोस्टकार्डावर मिळतातच की.

पण अल्बम चाळताना एक गोष्ट टोचली. जवळचा मासळीबाजार मी प्रत्येक फोटोतून गाळला होता. सासूबाई पाहतील, मंडळातल्या बायका पाहतील, म्हणून कॅमेरा जरा डावीकडे, जरा वर.

आणि ती घरं मुळात उभी राहिली सुकवलेल्या कॉड माशाच्या व्यापारावर! चौदाव्या शतकात हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे पेढी थाटली. उत्तरेतून सुका मासा यायचा, बदल्यात धान्य जायचं. पेढीच्या चिन्हावरही अर्ध्या गरुडाशेजारी मुकुट घातलेला मासा आहे. आगीच्या भीतीने या लाकडी घरांत चूल पेटवायला मनाई होती. रांधायचं, शेकायचं ते मागच्या वेगळ्या इमारतीत. (ऐन थंडीत, पावसात जेवायला तिकडे जायचं, विचार करा!) तरीही १७०२ साली सगळं जळालं. लोकांनी जुन्याच धाटणीने पुन्हा बांधलं, म्हणून आज आपल्याला ते दिसतं. १९७९ मध्ये युनेस्कोने ब्रिगेनला जागतिक वारसा यादीत घेतलं.

मासे न खाणं हे माझं व्रत. पण ते तिथे नव्हतेच असं दाखवणं? अहिंसेचं अणुव्रत सांभाळताना सत्याचं सोडायचं का? मला हे पटत नाही. आपण परदेशातले फोटो असे धुऊन-पुसून दाखवतो, मग मुलांना वाटतं जग असंच असतं.

एका फोटोत चुकून कोपऱ्यात बर्फावर मांडलेली मासळी आली होती. तो काढून टाकणार होते, तोच पहिल्या पानावर लावला. सासूबाईंनी चष्मा सावरून बराच वेळ पाहिला.

"बरं," त्या म्हणाल्या, "तुम्ही काय जेवलात तिथे?"

"खाकरे, आणि खोलीवर मुगाची खिचडी."

"तिचा फोटो कुठाय?"

तो मात्र काढलाच नव्हता.