गोडं पाणी खारं करण्याआधी...

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण विषय घरचा आहे, बार्शीचा आहे, म्हणून मराठीतच लिहायचं ठरवलं.

तर बार्शीत आमच्या हॉलमध्ये, दोन फुटी काचेच्या टाकीत एक समुद्र आहे. हसू नका! खरा समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी पावणेतीनशे किलोमीटर लांब. आमच्याकडचा मात्र पिशवीतलं मीठ आरओच्या पाण्यात कालवून केलेला, लिटरला ३५ ग्रॅम. त्यात दोन क्लाउनफिश (होय, ‘निमो’वाले), दगडांवर मऊ प्रवाळाचे चार झुपके आणि एक शंखातला खेकडा. शाळेच्या ट्रिपमध्ये मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं आणि डोक्यात किडा शिरला. १९५१ सालचं ते मत्स्यालय २०१५ मध्ये नवं रूप घेऊन उघडलं होतं. २०२० मध्ये ते बंद झालं, माझा किडा काही गेला नाही.

टाकी आली त्या दिवशी आजी म्हणाली होती, “आगं, हितं प्यायला पाणी पुरंना, अन् तू गोडं पाणी खारं कराय निघालीस व्हय?” तेव्हा सगळे हसलो. आता तेवढं हसू येत नाही.

कारण असं की पुण्यातले एक गृहस्थ बदली होऊन चाललेत आणि त्यांची चार फुटी टाकी, स्टँड, स्किमर, सगळा संसार अठरा हजारांत द्यायला तयार आहेत. दिवाळीपर्यंत उत्तर हवंय. स्कॉलरशिपचे पैसे शिल्लक आहेत. हॉस्टेलवर मत विचारलं तर सगळ्यांचं एकच, “घेऊन टाक!” या छंदातली जाणकार मंडळीही तेच सांगतात: टाकी जितकी मोठी तितकी सांभाळायला सोपी, पाणी जास्त म्हणजे बदल हळू.

आता आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. माझ्या टाकीत दगड-वाळू वगळता ४५ लिटर पाणी. मोठीत खालच्या सम्पसकट २२० धरू. म्हणजे जवळपास पाचपट. एखादा मासा मेला, अमोनिया सुटला, तर तो पाचपट पाण्यात विरघळणार. इथे मंडळींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण बार्शीत खरा शत्रू अमोनिया नाही, ऊन आहे. पाणी २६ अंशांच्या आसपास ठेवायला पृष्ठभागावर पंखा लावतो, माठाचीच युक्ती. एक लिटर पाणी उडताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे दिवसभर सरासरी २८ वॅटचं फुकट कूलिंग. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं चालत नाही. आमच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत छान चालतं. (बार्शीच्या उन्हाळ्याबद्दल कुणीतरी चांगलं बोललं बरं का!) पण पाणी उडतं आणि मीठ तिथेच राहतं. माझ्या टाकीतून रोज एक लिटर जातं, क्षारता ३५ वरून ३५.८ होते. मोठ्या टाकीचा पृष्ठभाग दोनऐवजी सहा चौरस फूट, म्हणून रोज तीन लिटर जाणार, क्षारता ३५.५. फरक पाचपट कुठे आहे? फार तर पावणेदोनपट! कारण ती टाकी पसरट आहे, एक फुटाची दीड फूटच खोल. हे गणित मला कुणी सांगितलं नव्हतं.

वजनाचंही पाहिलं. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून सव्वातीनशे किलो तरी. सहा चौरस फुटांवर म्हणजे प्रति चौरस मीटर साडेपाच किलोन्यूटनच्या वर, आणि आयएस ८७५ राहत्या खोलीसाठी २ धरतो. भिंतीलगत बीमवर ठेवली तर चालेल, असं आमची सिव्हिलची रूममेट म्हणते. तिला अजून स्ट्रक्चर्सचा पेपर सुटायचाय, ते जाऊ द्या.

खरी गोष्ट वेगळीच आहे. गेल्या एप्रिलमध्ये माझी परीक्षा चालू होती आणि आई मावशीकडे लग्नाला गेली होती. टाकी बाबांकडे. बाबांनी अगदी मनापासून रोज एक लिटर पाणी भरलं, पण खारं! त्यांचा विचार साधा होता: खाऱ्या पाण्याची टाकी, मग भरायचं तेही खारंच. सहा दिवसांत २१० ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं, ३५ ची क्षारता चाळिशीला टेकली. मासे तगले. कोळंबी मेली, लाल पट्ट्यांची, माझ्या हातातून खायची. बाबांना काही बोलता आलं नाही. चूक माझीच होती, मी सूचना फोनवर “पाणी टाका फक्त” एवढीच दिली होती. आई लग्नाच्या आदल्या रात्री परत निघून आली.

शिवाय मोठ्या टाकीत घालणार काय? एक दुकानदार म्हणाला, “मॅडम, टाकी मोठी करा, फांदीवाला कोरल काढून देतो.” त्याला बहुधा माहीत असावं, मला नव्हतं: कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. जिवंतच नाही, वाळलेला सांगाडाही बाळगता येत नाही. आपल्या विजयदुर्गपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचं प्रवाळ-पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ समुद्र तापल्याने पांढरे पडले. अशा वेळी तिथून एक फांदी तोडून बार्शीच्या उन्हात आणायची, ही कल्पनाच मला पटत नाही. मासे निदान पैदास केलेले मिळतात. क्लाउनफिशची पैदास कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच जमवली आहे.

आणि ते रोजचे तीन लिटर. आमच्या आरओला एक लिटर गाळायला तीन लिटर सोडावं लागतं. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. ते सोडलेलं पाणी आई फरशीला, कपड्यांना वापरते, वाया जाऊ देत नाही. पण बादल्या उचलायला मी तिथे नसते, मी इथे मेसच्या रांगेत असते.

म्हणून पुण्याच्या काकांना ‘नको’ कळवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? स्टँड फार सुंदर होता. त्याऐवजी फ्लोट स्विच, छोटा पंप आणि वीस लिटरचा जार घेतेय. पातळी उतरली की गोडं पाणी आपोआप जाईल, वीस दिवस कुणी हात लावायला नको. मिनी प्रोजेक्ट म्हणून सरांनी मान्यही केलंय. (स्विच अडकला तर अख्खा जार रिकामा होईल, म्हणून वर दुसरा स्विच. सर, नोंद घ्यावी!)

परवा आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, “म्हणजे ते बसवल्यावर मला चार दिवस माहेरी जाता येईल ना?”

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल