डोंबिवलीचा अंकहार

किन्हवली परिसरातून आसनगावला येऊन मुंबईची लोकल पकडणाऱ्या प्रवाशांना डोंबिवली स्थानक परिचयाचे आहे. तेथे उसळणारी गर्दी पाहून या स्थानकाचे नाव गणिताच्या ग्रंथांत गेले असेल, असे मात्र कोणाच्या मनात येणार नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणूचा. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले व पुढे देवळालीच्या शाळेत त्यांनी १९३० ते १९६२ अध्यापन केले. तरुणपणी मुंबईपासून तीस मैलांवरील या स्थानकावर त्यांना एका संख्याप्रकाराची कल्पना सुचली. स्थानकाच्या तत्कालीन नावावरून त्यांनी त्या संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले. त्यांतील सर्वांत मनोहर अशा : ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा हार अखंड राहतो. दहाव्या एकाला हातचा येतो आणि हार तुटतो.

याच हारातील एक मणी अकराशे वर्षांपूर्वी महावीराचार्यांनी टिपला होता. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता एकापासून सहापर्यंत चढणारी व त्याच क्रमाने उतरणारी संख्या येते, असे दाखविले आहे. ती संख्या १२३४५६५४३२१, म्हणजेच सहा एकांच्या ११११११ चा वर्ग.

हे गुणन शक्य झाले, कारण ११११११ चे ३, ७, ११, १३ व ३७ असे तुकडे पडतात. मग केवळ एकांनीच बनलेली पण न फुटणारी, म्हणजे मूळ, संख्या कोणती? ११ ही पहिली. एकांची संख्या स्वतः मूळ नसेल, तर ती रांग फुटतेच. परंतु ती मूळ असली तरी खात्री नाही. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. अकरानंतर थेट एकोणीस एकांची रांग मूळ ठरते. त्यापुढे २३, ३१७ व १०३१ एकांच्या. ४९,०८१ एकांची रांग मूळ असल्याची सिद्धता २०२२ मध्ये मिळाली. अशा संख्या अनंत आहेत काय, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती, म्हणून त्यांच्या कार्याकडे विद्वानांनी दीर्घकाळ दुर्लक्ष केले. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लेखात त्यांचा परिचय करून दिला, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. तोवर ते सेवानिवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्ञानाला पदवीची नव्हे, अखंड जिज्ञासेची गरज असते. आज सायंकाळी घरातील मुलांनी पाच एकांचा वर्ग कागदावर करून पाहावा. हार आपोआप गुंफला जाईल.