बाळंतपणे मोजली, आई मोजली का?

एप्रिल २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. बाळंतपण घरी न होता दवाखान्यात व्हावे म्हणून सरकारने आईला पैसे देऊ केले. ही योजना यशस्वी झाली का? सरकारी उत्तर तयार आहे. २००५-०६ मध्ये देशातली ३९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ८९ टक्के. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते, २०१८-२० मध्ये ९७. हे यश खरे आहे. आशाताईंनी रात्री-अपरात्री धावून ते मिळवले आहे.

पण दवाखान्याच्या दाराशी संपणारी मोजणी मला परिचारिका म्हणून पटत नाही. बाळंतिणीला सर्वात मोठा धोका अतिरक्तस्रावाचा, आणि तो बहुधा पहिल्या चोवीस तासांतच होतो. तेव्हा खाटेजवळ सिस्टर आहे का, रक्त वेळेत मिळेल का, यावर तिचा जीव अवलंबून असतो. त्यात गरोदर स्त्रियांमधला रक्तक्षय २०१५-१६ मध्ये ५० टक्के होता, २०१९-२१ मध्ये ५२ टक्के झाला. दवाखाना जवळ आला, अंगात रक्त मात्र वाढले नाही.

दुसरा प्रश्न थेट आपला आहे. मातामृत्यूचे राष्ट्रीय आकडे राज्यवार छापले जातात, जातवार नाहीत. अर्भकमृत्यूचे जातवार आकडे मिळतात, म्हणून तिथली दरी दिसते: २०१९-२१ मध्ये हजार जन्मांमागे देशात ३५, अनुसूचित जातींत सुमारे ४१. आईच्या बाबतीत ही दरी किती, हे मोजल्याशिवाय सुधारणा कोणापर्यंत पोहोचली ते कसे कळणार?

आईला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, ही भूमिका बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात मांडली होती. हिशेब मागणे हे आपले काम आहे.

भगिनींनो, सुरुवात वस्तीतून करा. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात औषध, तपासणी, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. वर्षभरात बाळंत झालेल्या प्रत्येकीला विचारा: बाहेरून काय विकत आणावे लागले? गाडी मिळाली का? कितव्या दिवशी घरी पाठवले? कोणी जात काढून बोलले का? उत्तरे वहीत लिहा, ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. मातामृत्यूची आकडेवारी जातवार प्रसिद्ध करा, असा ठरावही त्याच सभेत मांडा.